चार्जर यायचाय

२ जुलै

दुपारी लॅपटॉपचा चार्जर जळाला. ठिणगी नाही, धूर नाही, नुसता करपट वास. आक्का स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "काय लागलं गं बुडाला?" गॅसवर काहीच नव्हतं. मग हात लावून पाहिलं तर चार्जरची काळी पेटी चटका बसेल एवढी तापलेली. बटण बंद केलं. बॅटरीवर थोडा वेळ चालला, मग पडदा काळा झाला.

हे तेव्हा बोलत होते. म्हणजे लिहीत होते. आधी ह्यांचे हात गेले, मग जीभ गेली. डॉक्टर त्या आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगतात, आक्का त्याला 'आंग वाळायचं दुखणं' म्हणतात. आता राहिलीय ती मान आणि डोळे. आमच्या लेकीनं, स्नेहलनं, तिच्या इंजिनिअरिंगच्या वेळचा जुना लॅपटॉप पुण्याहून आणून बसवून दिला. त्याचा कॅमेरा ह्यांच्या नाकाकडे बघतो. ह्यांनी मान जराशी हलवली की पडद्यावरचा बाण हलतो, बाण एखाद्या अक्षरावर क्षणभर थांबला की ते अक्षर उमटतं. वाक्य झालं की लॅपटॉप ते मोठ्यानं वाचतो. आवाज बाईचा आहे. पुरुषाचा मराठी आवाज स्नेहलला मिळाला नाही. पहिल्या दिवशी आक्का तोंडाला पदर लावून हसल्या होत्या, "माझा भाऊ बोलतोय का शेजारीण आलीया?" हेही हसले होते, डोळ्यांनी. तेव्हापासून आमच्या घरात त्या आवाजाला बाईच म्हणतात.

आज बाई गप्प झाली. पडद्यावर "वर्षा, डॉक्टरांना" एवढंच उमटलं होतं. डॉक्टरांना काय, ते राहिलं. डोळ्यांनी हो-नाही चालतं आमचं, वर बघितलं की हो, मिटले की नाही. मी विचारलं, औषध संपलंय का? मिटले. पोटातली नळी दुखतेय का? मिटले. मग कंटाळले बिचारे, भिंतीकडे बघत बसले.

उद्या नवा आणते.

३ जुलै

शाहूपुरीतली दुकानं पालथी घातली. लॅपटॉपचं नाव घेतलं की माणसं हसायची. शेवटी स्टेशन रोडला एका जिन्याखालच्या दुकानात मिळाला. दुकानदार सम्मेद, जयसिंगपूरहून रोज येऊन-जाऊन करतो म्हणे. त्यानं जुना चार्जर उलटा करून पाठीवरची बारीक अक्षरं वाचली.

"वहिनी, तुमचा नव्वद वॉटचा हाय. ह्या पिनेचा नव्वदचा आता इथं येत न्हाय. पासष्टचा हाय माझ्याकडं. व्होल्ट त्येच, पिन तीच."

"चालेल का?"

"चालतंय की. जळायचं काय भ्या न्हाय. पण दमानं चालंल. बैल त्योच, वैरण कमी, असं समजा."

मी म्हटलं, दमानं तर दमानं. आमच्या घरात घाई कुणाला आहे.

घरी येऊन लावला. सुरू होताना काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी आल्या. चार्जरची ताकद कमी आहे, बॅटरी भरणार नाही, मशीन हळू चालेल, तरी पुढे जायचं तर एफ-वन दाबा. दाबलं. थोड्या वेळानं बाई म्हणाली, "चहा घेतलास का."

ज्याच्या पोटात नळीनं दूध जातं तो माणूस मला चहाचं विचारतो. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले.

७ जुलै

हळू म्हणजे किती हळू याची कल्पना नव्हती. ह्यांची मान डावीकडे वळते, बाण जागचा हलत नाही, आणि हे थकून मान सरळ करतात तेव्हा तो एकदम डावीकडे पळतो. 'क' वर थांबायचं तर 'ख' वर जाऊन बसतो. एक शब्द लिहायला माझी अख्खी भाजी निवडून होते.

आणखी एक. चार्जर लावलेला असूनही बॅटरीचा आकडा उतरतोच आहे. मला वाटलं डोळ्यांचा भास. स्नेहलला फोन केला. ती म्हणाली, "मम्मी, पिनेतून लॅपटॉपला कळतं चार्जर किती वॉटचा आहे ते. कमी आहे कळलं की तो स्वतःच आवरतं घेतो. त्यात पप्पांचा कॅमेरा आणि तो प्रोग्रॅम, दोन्ही खूप खातात. वरून येतं त्यापेक्षा जास्त खर्च होतं, म्हणून बॅटरीतलं काढतो." 

"मग ती संपल्यावर?"

"मग वीज गेली की लगेच बंद."

नवा लॅपटॉप घेऊ म्हणते. पण ह्यांची नेहमीची वाक्यं, अक्षरांची मांडणी, सगळं याच्यावर आहे. ते पुन्हा नव्यानं शिकायला मान उरायला पाहिजे. नव्वदचा चार्जर शोधून पाठव म्हटलं. नव्वदचा आला की सगळं सुरळीत होईल. चार महिन्यांपूर्वी हे याच लॅपटॉपवर आक्कांशी वाद घालत होते, म्हशीला सरकी किती घालायची यावरून. तेवढंच परत मिळालं तरी पुरे आहे मला.

१० जुलै

डॉक्टरांकडे तपासणी. गाडीत बसवणं, उतरवणं, दोन रिक्षावाल्यांनी हात दिला. लॅपटॉप नेला नाही, नेऊन उपयोग नव्हता.

ह्यांना नळकांड्यात फुंकायला लावलं. डॉक्टर कागदाकडे बघत राहिले. मग ह्यांच्यासमोरच म्हणाले, "श्वासाची ताकद बरीच कमी झालीय. एखाद्या दिवशी श्वास पुरणार नाही, आणि तो दिवस फार लांब नाही. त्या वेळी गळ्याला छिद्र पाडून व्हेंटिलेटर लावायचा की नाही, हे आत्ताच ठरवून ठेवा. एकदा लावला की कायमचं त्यावर राहावं लागेल. काही जणांना ते चालतं, काहींना नाही. पण हे साहेबांनी सांगायचं, तुम्ही नाही."

मी म्हटलं, "लॅपटॉप हळू झालाय हो. नवा चार्जर यायचाय. आला की विचारते."

"डोळ्यांनी हो-नाही सांगतात ना?"

"सांगतात, पण एवढी मोठी गोष्ट डोळ्यांवर कशी ठरवायची?"

हे माझ्याकडे बघत होते. मी ह्यांच्या तोंडाची लाळ पुसत होते, त्यामुळे नीट बघता आलं नाही.

अजून वेळ आहे. डॉक्टर लोक आधीच घाबरवून ठेवतात, म्हणजे पुढे बोल नको.

१३ जुलै

बॅटरी संपली. आता लॅपटॉपचा सगळा जीव भिंतीतल्या बटणावर. घरात इन्व्हर्टर आहे, पण वीज गेल्यावर त्याला पकडायला जो अर्धा क्षण लागतो, पंखा जरासा अडखळतो ना, तेवढ्यात लॅपटॉप बंद.

आज हे सकाळपासून लिहीत होते. कपाळावर घाम. "मशीन" उमटलं. मग 'न' आलं. मग वीज गेली.

पुन्हा सुरू केला, एफ-वन दाबलं, कॅमेरा ह्यांच्या नाकाला लावला. तोवर मान छातीवर पडली होती.

१६ जुलै

आज पुरं झालं वाक्य. बाई म्हणाली, "मशीन नको."

मला भरून आलं. एवढे हाल झाले ह्यांचे त्या डबड्यापायी की आता नकोच म्हणतात. मी जवळ बसून समजावलं. म्हटलं, "अहो, थोडे दिवस. स्नेहलला नव्वदचा सापडलाय, मुंबईहून मागवलाय तिनं. तो आला की पूर्वीसारखं सरसर चालेल. असं हात टेकून कसं चालेल?" हात टेकून म्हटलं आणि जीभ चावली.

ह्यांनी डोळे मिटले. जोरात, दोनदा.

"लॅपटॉप नको ना? काढून ठेवू?"

पुन्हा मिटले. म्हणजे काढू नको. नको म्हणतात, आणि काढू का म्हटलं तर नाही म्हणतात. त्रागा आहे सगळा, दुसरं काय. मी केस सारखे केले ह्यांचे आणि लॅपटॉपला विश्रांती दिली.

आक्का दारात उभ्या होत्या. हातात परातीत निवडायचे तांदूळ तसेच. माझ्याकडे बघत होत्या. मी विचारलं, काय झालं? "काय न्हाय," म्हणाल्या आणि आत गेल्या.

२० जुलै

पाऊस थांबायचं नाव नाही. चार्जर तापतो म्हणून त्याच्यावर टेबलफॅन लावून ठेवलाय. पडद्याचा उजेड कमी केला, बाकी सगळं बंद केलं. पुन्हा सम्मेदकडे जाऊन आले. तो म्हणाला, "वहिनी, ह्यात माझ्या हातात काय न्हाय बघा. पासष्टात नव्वदचं काम हुईत न्हाय." त्यानं चहा मागवला. कुणासाठी वापरता विचारलं. सांगितल्यावर चहा ओतायचा थांबला.

आज का कोण जाणे एक जुनी गोष्ट आठवली. लग्नाच्या नव्यात ह्यांच्याबरोबर कागलजवळच्या एका गोठ्यात गेले होते. हे जनावरांचे डॉक्टर, आख्खा तालुका ह्यांना नावानं ओळखायचा. म्हैस आडवी पडलेली. घरचे आबा सलाईन लावा म्हणून ह्यांचा हात धरून बसलेले. हे खाली बसले, म्हशीच्या कानावर हात ठेवला, बराच वेळ. मग म्हणाले, "आबा, आता हे तिच्यासाठी न्हाय, आपल्यासाठी करतोय आपण. राहू द्या." परत येताना मोटारसायकलवर मी विचारलं, इतकं तोंडावर कसं सांगवतं तुम्हाला? म्हणाले, "कुणी सांगत नाही त्या जनावराचे हाल जास्त होतात."

भरपूर बोलायचे तेव्हा. मोटारसायकल चालवताना मागं वळून बोलायचे, मला भीती वाटायची.

संध्याकाळी लिहिलं, "वर्षा पुरे." मी लगेच बंद केला लॅपटॉप. दमले असतील.

२५ जुलै

पंचगंगेनं धोका पातळी ओलांडली. शिरोळकडची गावं उठवायला लागलेत. नळाला पाणी नाही, नदीवरचे पंप बुडाले म्हणतात. टँकरच्या रांगेत आक्का घागर घेऊन उभ्या राहिल्या, वयाचा मान म्हणून लोकांनी पुढं सोडलं.

चार्जर मुंबईहून निघालाय आणि कराडात अडकलाय. शिरोलीला हायवेवर पाणी आलंय, गाड्या सोडत नाहीत. मी दर थोड्या वेळानं मोबाईलवर बघते. कराड. पुन्हा बघते. कराड.

विजेचा तर खेळच चाललाय. आज लॅपटॉप किती वेळा सुरू केला ते मोजलं नाही. शेवटी हे डोळे मिटूनच पडून राहिले. उघडतच नव्हते. ते 'नाही' होतं की झोप, कळलं नाही.

२७ जुलै

सकाळी नळीनं दूध देताना ते उलटून घशाशी आलं, ह्यांना ठसका लागला आणि श्वास अडकला. ओठ काळे-निळे. आक्कांनी पाठीमागून धरून पुढं वाकवलं, मी यंत्रानं कफ ओढला. आला परत श्वास. पण तो आला तो वरवरचा, गळ्याच्या खड्ड्यात नुसता हलणारा. तो अजून तसाच आहे.

डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी औषध सांगितलं आणि विचारलं, "ठरलं का काही?"

मी म्हटलं, "चार्जर कराडात अडकलाय."

ते म्हणाले, "मॅडम, मी व्हेंटिलेटरचं विचारतोय."

"तेच म्हणते मी. चार्जर आल्याशिवाय विचारणार कसं?"

फोन ठेवल्यावर कफाचं यंत्र धुतलेलंच पुन्हा धुतलं. सकाळच्या धक्क्यानं असेल.

२९ जुलै

आक्कांशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा.

मी मोबाईलवर कराड बघत होते. त्या म्हणाल्या, "त्या डब्याची वाट कशापायी बघतीस?"

"म्हणजे? तो आल्याशिवाय हे बोलणार कसे?"

"विजू बोललाय की. मी ऐकलंय, तूबी ऐकलंयस."

"काय बोललेत?"

आक्का म्हणाल्या, "पोरी, मी सांगून उपेग न्हाय. तुला कळलंय. कळून घ्यायचं न्हाय तुला."

मी काय वाटेल ते बोलले. तुम्हाला लॅपटॉपमधलं काय कळतं म्हणाले. तुमचं घर कागलला आहे, इथं राहायची सक्ती नाही म्हणाले. आक्कांनी पदर खोचला आणि ह्यांचं अंग पुसायला पाणी तापवायला ठेवलं. कुठं गेल्या नाहीत.

माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. सगळे दमलोय, एवढंच.

५ ऑगस्ट

हायवे मोकळा झाला. चार्जर आला.

सकाळीच आला. खोक्यावर चिखलाचा पट्टा, आतला कोरडा. पेटी जड, जुन्यासारखी. मी खोकं उघडताना रडत होते, आक्कांनीच कात्री दिली. लावला. ती इंग्रजी ताकीद आलीच नाही. कोपऱ्यात बॅटरी भरायला लागली. हे झोपले होते, उठवलं नाही. बॅटरी निम्म्यावर आली तोवर मी समोर बसून आकडा चढताना बघत होते. किती दिवसांनी या घरात काहीतरी वर चढत होतं.

जेवणवेळेला जागे झाले. कॅमेरा लावला. मान जराशी वळली आणि बाण तिच्याबरोबर सरळ गेला. मी टाळी वाजवणार होते. मनात म्हटलं, आता चहाचं विचारतील.

बाई म्हणाली, "वर्षा."

म्हटलं, "काय हो?"

"मशीन म्हणजे लॅपटॉप नाही."

बाण चालूच होता, थांबत, सरकत, अजिबात न अडखळता.

"श्वासाचं."

मी उठले. भिंतीतलं बटण बंद केलं. चार्जरची पिनही ओढून काढली. का काढली ते मला लिहिता येणार नाही. आजवर वीज गेली की तो लगेच बंद पडायचा. मला तेवढंच हवं होतं, पडदा काळा व्हावा.

झाला नाही. उजेड जरासा मंद झाला आणि बाई बोलत राहिली. बॅटरी भरलेली होती.

"नको."

"घरीच."

मग बराच वेळ बाण फिरत होता. मी पिन हातात धरून उभी. आक्का दारात.

"तुला कळलं होतं. रागावलो नाही."

मान छातीवर पडली. मी जाऊन ती वर केली. दुसरं काही सुचेना.

६ ऑगस्ट

चार्जर उत्तम चालतो. मला तो नदीत टाकावासा वाटतो.

पासष्टचाच ठेवायला हवा होता. हळूहळू काही महिने गेले असते. मी विचारत राहिले असते, हे डोळे मिटत राहिले असते, आणि मला काही कळलं नसतं.

९ ऑगस्ट

स्नेहल आली. तिनं आल्या आल्या लॅपटॉप तपासला, चार्जरला हात लावून पाहिला, छान आहे म्हणाली, आणि मग बॅग तशीच खाली ठेवून रडायला बसली. फोनवर मी सांगितलं होतं.

संध्याकाळपर्यंत भांडत होती. माझ्याशी, ह्यांच्याशी. "पप्पा, लोक वर्षानुवर्षं राहतात त्यावर. मी वाचलंय. मी घरून काम घेते, इथंच राहते. तुम्ही नुसतं हो म्हणा." हे ऐकत होते. मग लिहायला लागले. ती वाट बघत होती, मलाही वाटलं, मुलीसाठी म्हणतील हो.

बाई म्हणाली, "जवळ बस."

एवढंच. ती बसली. ह्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि तिच्या केसांवर ठेवायला ह्यांचा हात मीच उचलून ठेवला.

नंतर स्वयंपाकघरात मला म्हणाली, "मम्मी, तू कशी तयार झालीस?"

"मी तयार नाही," म्हटलं.

१२ ऑगस्ट

डॉक्टर घरी आले. ह्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि नीट, सावकाश विचारलं. श्वास पुरेनासा झाला तर व्हेंटिलेटर हवा? डोळे मिटले. हॉस्पिटलमध्ये जायचं? मिटले. त्रास होऊ नये म्हणून औषध देऊ? वर बघितलं. तोच प्रश्न उलटा करूनही विचारला. उत्तर बदललं नाही.

तीन प्रश्न. मी महिनाभर चार्जरची वाट बघत होते.

जाताना डॉक्टरांनी जिभेखाली द्यायच्या थेंबांची बाटली दिली आणि कसे द्यायचे ते मला आणि आक्कांना दाखवलं. ॲम्ब्युलन्सला फोन केला तर ते लोक मशीन लावणारच, त्यांचं कामच ते, म्हणाले. म्हणून आधी मला फोन करा.

२१ ऑगस्ट

मान गेली. काल बाण तीन अक्षरांपर्यंत गेला आणि कोपऱ्यात जाऊन बसला, तो तिथंच. लॅपटॉप जोरात चालतोय, पंख्याचा आवाजसुद्धा नाही, बाण नुसता लुकलुकतोय. कॅमेऱ्याला नाक दिसतं, पण ते हलत नाही. स्नेहलनं काय काय बदलून पाहिलं. मग तिनं लॅपटॉप मिटला.

आता डोळेच. मी विचारते ते सगळं विचारून होतं. उशी वर? पाय सरळ? पडदा लावू? मग मला प्रश्नच सुचत नाहीत. शाळेत तेहतीस मुलांच्या वर्गाला दिवसभर प्रश्न विचारणारी मी. आक्का मात्र विचारतच नाहीत. शेजारी बसून कागलच्या गोष्टी सांगतात, कुणाची गाय व्याली, कुणाचा ऊस पुरात कुजला. हे ऐकताना चेहरा सैल होतो ह्यांचा.

२७ ऑगस्ट

स्नेहल सकाळी कामासाठी पुण्याला गेली, दोन दिवसांत येते म्हणून. ती गेली आणि ह्यांचा श्वास लागला.

मी थेंब दिले. डॉक्टरांना फोन केला, निघतो म्हणाले. श्वास आणखी वर गेला. ह्यांचे डोळे मोठे झाले. माझ्या हातात मोबाईल होता, आणि मी एक, शून्य, आठ दाबलं होतं. फक्त हिरवं बटण राहिलं होतं. आक्का ह्यांच्या पाठीमागं बसून, छातीशी धरून, आईनं धरावं तसं हलत होत्या. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं.

मी ह्यांना विचारलं. पहिल्यांदाच नीट विचारलं. "अहो, बोलवू का?"

डोळे मिटले.

मग उघडले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी मोबाईल खाली ठेवला आणि हात धरला. अजून थेंब दिले. डॉक्टर पोचले तेव्हा आक्का हलायच्या थांबल्या होत्या.

स्नेहल कराडपर्यंत गेली होती. तिथून परतली.

१५ सप्टेंबर

दिवसकार्य झालं. आक्का काल कागलला गेल्या. मी थांबा म्हटलं नाही, त्यांनी चल म्हटलं नाही. एसटीत बसताना म्हणाल्या, "जेवत जा." त्यांनी ह्यांना पाठीवर घेऊन वाढवलं होतं. त्यांना कुणी जेवत जा म्हणालं की नाही कुणास ठाऊक. मी म्हटलं नाही.

रजा संपली, सोमवारपासून शाळा. लोक म्हणतात, सुटले बिचारे. मी मान हलवते. मला तसं वाटत नाही. मला काहीच वाटत नाही, आणि मग भाजी चिरताना अचानक असं वाटतं की बटण दाबायला हवं होतं. ह्यांनी नको म्हटलं होतं, मी ऐकलं होतं, सगळं बरोबर झालं होतं, आणि तरी.

आज दुपारी दार वाजलं. एक म्हातारा माणूस, टोपी, हातात दुधाची किटली. शिरोळकडचे हंबीरराव. हे फार पूर्वी तिकडं नोकरीला होते तेव्हाची ओळख, म्हणाले. पुरात गोठा गेला, जनावरं छावणीत ठेवली होती, आता परत आणलीत तर एक म्हैस वैरणीला तोंड लावत नाही. फोन पुरात गेला, नंबर गेले. घर शोधत, विचारत विचारत आले.

"डॉक्टर हायत का?"

म्हटलं, "नाहीत."

"बाहीर गेल्यात व्हय. मग थांबतो की. आलोयच हितवर." आणि किटली माझ्या हातात दिली. "डॉक्टरास्नी आमच्या घरचं दूध लई आवडायचं. साईचं."

मी म्हटलं, "बसा."

पाणी दिलं. चहा केला. त्यांच्याच दुधाचा. हंबीरराव व्हरांड्यातल्या बाकावर बसलेत, चहा संपलाय, रस्त्याकडे बघतायत. कुठली मोटारसायकल आली की जरासे उठतात.

मी आत येऊन हे लिहायला बसले. एवढं लिहून झालं की बाहेर जाऊन त्यांना सांगणार आहे.